हेन्री कॅव्हेंडिश

हेन्री कॅव्हेंडिश (जन्म : १० ऑक्टोबर १७३१, नीस, मृत्यू : २४ फेब्रुवारी १८१०, लंडन) हे अठराव्या शतकातील इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. हायड्रोजन हा स्वतंत्र वायू असल्याचे त्यांनी दाखवून दिले, पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंच्या संयोगातून तयार होते हे प्रयोगाने सिद्ध केले आणि हवेच्या घटकांचे अत्यंत अचूक मापन केले. तथापि त्यांचे नाव सर्वाधिक जोडले जाते ते १७९७-९८ मधील एका प्रयोगाशी. या प्रयोगात त्यांनी शिशाच्या दोन गोळ्यांमधील गुरुत्वाकर्षण एका बंद खोलीत मोजले आणि त्यावरून संपूर्ण पृथ्वीची सरासरी घनता काढली. ग्रह व उपग्रह यांच्या गतीवरून ओळखले गेलेले हे बल हाताळता येतील अशा साध्या वस्तूंमध्येही असते आणि ते मोजता येते, हे या प्रयोगाने प्रस्थापित झाले.

कुटुंब व शिक्षण

कॅव्हेंडिश यांचा जन्म इंग्लंडमधील अत्यंत प्रतिष्ठित सरदार घराण्यात झाला. त्यांचे वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश हे डेव्हनशायरच्या दुसऱ्या ड्यूकचे पुत्र, तर आई लेडी अ‍ॅन ग्रे या केंटच्या ड्यूकच्या कन्या होत्या. जन्माच्या वेळी कुटुंबाचा मुक्काम भूमध्य समुद्राकाठच्या नीस या शहरात होता. धाकटा भाऊ फ्रेडरिक याच्या जन्मानंतर थोड्याच काळात, १७३३ मध्ये आईचे निधन झाले. त्यामुळे दोन्ही मुलांचे संगोपन वडिलांनीच केले.

हेन्री यांचे शालेय शिक्षण लंडनजवळील हॅकनी येथील शाळेत झाले. पुढे त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या पीटरहाउस महाविद्यालयात प्रवेश घेतला. मात्र १७५३ मध्ये पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडले. त्यानंतर ते लंडनमधील ग्रेट मार्लबरो स्ट्रीट येथील घरी वडिलांसमवेत राहू लागले.

लॉर्ड चार्ल्स हे स्वतः कुशल प्रयोगकर्ते होते. कमाल व किमान तापमान नोंदवणाऱ्या तापमापकांसाठी त्यांना १७५७ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले होते. उपकरणाच्या दोषांचा शोध घेणे, प्रत्येक वाचन पुन्हा तपासणे आणि आकड्यांवर त्यांच्या योग्यतेपेक्षा अधिक विश्वास न ठेवणे ही शिस्त हेन्री यांना घरातच मिळाली. १७५८ पासून वडील त्यांना रॉयल सोसायटीच्या सभांना नेऊ लागले आणि १७६० मध्ये हेन्री सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. पुढील पन्नास वर्षे ही संस्था हेच त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र राहिले.

वायू व पाणी यांवरील संशोधन

कॅव्हेंडिश यांचे पहिले महत्त्वाचे लेखन १७६६ मध्ये प्रसिद्ध झाले. धातूंवर आम्लांची क्रिया होऊन निघणारा ज्वालाग्राही वायू त्यांनी गोळा केला, त्याची घनता मोजली आणि तो सामान्य हवेपेक्षा अनेक पटींनी हलका असल्याचे दाखवले. या वायूला पुढे हायड्रोजन हे नाव मिळाले. या कामाबद्दल त्यांना त्याच वर्षी कॉप्ली पदक देण्यात आले.

१७८४ मध्ये त्यांनी ज्वालाग्राही वायू व आज ऑक्सिजन म्हणून ओळखला जाणारा वायू यांच्या स्फोटातून शुद्ध पाणी तयार होते, असे सविस्तर मांडले. हे दोन वायू आकारमानाने सुमारे दोनास एक या प्रमाणात संयोग पावतात, असे त्यांना आढळले. स्वतः कॅव्हेंडिश यांनी या निष्कर्षाचा अर्थ फ्लॉजिस्टन सिद्धांताच्या भाषेत लावला होता. आधुनिक रसायनशास्त्रातील अर्थ फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान लव्हाझ्ये यांनी लावला. पाण्याच्या घटनेचा शोध प्रथम कोणाचा, यावर कॅव्हेंडिश, लव्हाझ्ये व जेम्स वॅट यांच्या समर्थकांत दीर्घकाळ वाद चालू राहिला.

१७८५ मध्ये हवेतील नायट्रोजनवर काम करताना, विजेच्या ठिणग्यांनी सर्व नायट्रोजन काढून घेतल्यावरही एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहतो, हे त्यांच्या लक्षात आले. हा शेष भाग मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून अधिक नाही, अशी नोंद त्यांनी केली. शंभरहून अधिक वर्षांनी, १८९४ मध्ये लॉर्ड रॅले व विल्यम रॅम्झी यांनी आर्गॉन हा वायू शोधला, तेव्हा त्या बुडबुड्याचे रहस्य उलगडले.

गुरुत्वाकर्षणाचा अनुत्तरित प्रश्न

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार विश्वातील प्रत्येक वस्तू इतर प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. हे आकर्षण दोन्ही वस्तूंच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात आणि त्यांमधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट झाले की आकर्षण चौथ्या हिश्श्यावर येते. या नियमाने चंद्राची गती, ग्रहांच्या कक्षा व समुद्राची भरती-ओहोटी यांचा उलगडा झाला.

तरीही त्यात एक उणीव होती. आकाशातील निरीक्षणांवरून सूर्य पृथ्वीच्या किती पट जड आहे, हे काढता येत होते. परंतु पृथ्वीचे स्वतःचे वस्तुमान किती, हे सांगता येत नव्हते. त्यासाठी वस्तुमान आधीच ठाऊक असलेल्या एखाद्या वस्तूचे आकर्षण मोजून त्याची पृथ्वीच्या आकर्षणाशी तुलना करणे आवश्यक होते. अडचण अशी की, सामान्य वस्तूंमधील आकर्षण अतिशय क्षीण असते. टेबलावर शेजारी ठेवलेले दोन गोळे एकमेकांना ओढतात. पण घर्षणापुढे ही ओढ नगण्य ठरते आणि ते जागचे हलत नाहीत. पृथ्वीची घनता पाण्याच्या पाच ते सहा पट असावी, असा अंदाज न्यूटन यांनी केला होता, पण तो अंदाजच होता.

या प्रश्नाला भिडण्याचा एक मार्ग म्हणजे डोंगराचा उपयोग करणे. मोठ्या डोंगराजवळ टांगलेला ओळंबा डोंगराच्या आकर्षणामुळे किंचित त्याच्या बाजूला झुकला पाहिजे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर यांनी १७३८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर असा प्रयत्न केला. त्यांना विचलन आढळले, मात्र प्रतिकूल हवामानात केलेली ही मोजमापे पुरेशी विश्वसनीय नव्हती.

रॉयल सोसायटीने १७७२ मध्ये याच कामासाठी एक समिती नेमली आणि कॅव्हेंडिश तिचे सदस्य झाले. कोणत्या आकाराच्या डोंगराचा ओळंब्यावर किती परिणाम होईल, याची गणिते त्यांनी तयार केली. स्कॉटलंडमधील शिहॅलियन हा सुटा व बराचसा नियमित आकाराचा डोंगर निवडण्यात आला. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७७४ मध्ये त्याच्या उत्तर व दक्षिण उतारांवरून ताऱ्यांचे वेध घेतले. दोन्ही बाजूंचे मिळून ओळंब्याचे विचलन सुमारे ११.६ सेकंद, म्हणजे एका अंशाच्या तीनशेव्या भागाइतके भरले. गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी त्यावरून १७७८ मध्ये पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेचार पट ठरवली.

डोंगराच्या पद्धतीत एक मूलभूत मर्यादा होती. डोंगराच्या पोटात कोणते खडक आहेत व त्यांची घनता किती, हे नेमके कळत नव्हते. म्हणजे ज्या मापाने पृथ्वी तोलायची, तेच माप अनिश्चित होते. शिशाच्या गोळ्याचे वजन मात्र तराजूत अचूक करता येते.

जॉन मिचेल यांचे उपकरण

शिशाचे गोळे वापरून पृथ्वीची घनता काढण्याची मूळ कल्पना जॉन मिचेल यांची होती. यॉर्कशायरमधील थॉर्नहिल या गावचे धर्मोपदेशक असलेले मिचेल हे भूकंप, चुंबकत्व व खगोलशास्त्र यांचे अभ्यासक आणि कॅव्हेंडिश यांचे मित्र होते. ज्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण इतके प्रबळ आहे की त्यातून प्रकाशही निसटू शकत नाही, अशा ताऱ्याची कल्पना त्यांनी १७८३ मध्ये मांडली. हे लेखन कॅव्हेंडिश यांना उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या स्वरूपात रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले.

मिचेल यांनी पीळ तराजू तयार केला होता. अशा तराजूत बारीक तारेने एक आडवा दांडा मधोमध टांगलेला असतो. दांड्याच्या टोकांना बाजूने अल्पसा धक्का मिळाला तरी तो आडव्या पातळीत फिरतो आणि तारेला पीळ बसतो. तार पिळाला जो विरोध करते, त्यावरून धक्क्याचे बल मोजता येते. दांड्याचे वजन तार पेलत असल्याने घर्षणाचा अडसर राहत नाही आणि पृथ्वीचे आकर्षण उभ्या दिशेत असल्याने ते या आडव्या हालचालीच्या आड येत नाही. विद्युतबलाच्या मापनासाठी शार्ल कूलाँ यांनी फ्रान्समध्ये वापरलेला तराजू याच तत्त्वावरचा होता. मिचेल यांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती.

प्रयोग करण्यापूर्वीच १७९३ मध्ये मिचेल यांचे निधन झाले. त्यांचे उपकरण केंब्रिजमधील प्राध्यापक फ्रान्सिस जॉन हाइड वोलस्टन यांच्याकडे गेले आणि त्यांनी ते कॅव्हेंडिश यांना दिले. कॅव्हेंडिश यांनी त्याचा बहुतेक भाग नव्याने बनवला. परंतु आपल्या निबंधाच्या आरंभीच त्यांनी कल्पनेचे श्रेय मिचेल यांना दिले.

पृथ्वीच्या घनतेचा प्रयोग

उपकरणाची रचना

लंडनच्या दक्षिणेस असलेल्या क्लॅपहॅम येथील आपल्या निवासस्थानी कॅव्हेंडिश यांनी हे उपकरण उभारले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेने सहा फूट (सुमारे १.८ मीटर) लांबीचा हलका लाकडी दांडा टांगलेला होता. त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे दोन इंच व्यासाचे, प्रत्येकी सुमारे ७३० ग्रॅम वजनाचे शिशाचे लहान गोळे लटकवले होते. वाऱ्याचा स्पर्श होऊ नये म्हणून हा सर्व भाग महोगनी लाकडाच्या अरुंद पेटीत बंद केलेला होता. पेटीबाहेर प्रत्येक लहान गोळ्याजवळ आणता येईल असा बारा इंच व्यासाचा व सुमारे १५८ किलोग्रॅम वजनाचा शिशाचा मोठा गोळा होता. मोठा गोळा जवळ आणल्यावर त्याच्या व लहान गोळ्याच्या केंद्रांमधील अंतर सुमारे नऊ इंच राहत असे.

दोन्ही मोठे गोळे लहान गोळ्यांच्या परस्परविरुद्ध बाजूंना ठेवले जात. त्यामुळे दोघांचेही आकर्षण दांड्याला एकाच दिशेने फिरवीत असे. नंतर मोठ्या गोळ्यांच्या बाजू बदलल्या की दांडा उलट दिशेला वळे. या दोन स्थितींमधील फरक मोजल्याने परिणाम दुप्पट मिळे.

निरीक्षकाच्या शरीराची उष्णतादेखील हवेत प्रवाह निर्माण करू शकते, हे ओळखून कॅव्हेंडिश यांनी संपूर्ण उपकरण एका बंद खोलीत ठेवले आणि स्वतः खोलीबाहेर राहिले. मोठे गोळे ते बाहेरून दोर व कप्पी यांच्या साहाय्याने हलवीत. दांड्याच्या टोकांजवळ हस्तिदंती मोजपट्ट्या बसवल्या होत्या. त्यांवर बाहेरून दिव्याचा प्रकाश टाकून भिंतीतील दुर्बिणींमधून वाचन घेतले जाई. या व्यवस्थेत एका इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे पाव मिलिमीटरपर्यंत वाचन करता येत होते.

मोजण्याची पद्धत

टांगलेला दांडा कधीही पूर्ण स्थिर होत नसे. तो अतिशय सावकाश डावी-उजवीकडे आंदोलने घेत राही. तो थांबण्याची वाट पाहण्याऐवजी कॅव्हेंडिश लागोपाठच्या तीन आंदोलनांची टोके नोंदवीत आणि त्यांवरून विरामाचे स्थान गणिताने काढीत. एका आंदोलनास लागणारा वेळही ते मोजीत. तार जितकी ताठर, तितके आंदोलन जलद होते. त्यामुळे या वेळेवरून तारेला ठरावीक पीळ देण्यास किती बल लागते, हे समजे. पहिल्या तारेने आंदोलनास सुमारे पंधरा मिनिटे लागत. ही तार इतकी नाजूक होती की मोठ्या गोळ्यांच्या आकर्षणाने लहान गोळे पेटीच्या भिंतीला जवळजवळ टेकत. म्हणून त्यांनी अधिक ताठर तार बसवली. तिचा आंदोलनकाल सुमारे सात मिनिटे होता आणि दांड्याचे सरकणे अवघ्या काही मिलिमीटरवर आले.

मोजायचे बल अत्यंत अल्प होते. मोठ्या गोळ्याची लहान गोळ्यावरील ओढ ही लहान गोळ्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाच कोटींव्या भागाइतकी होती. आजच्या मापात ती एका मिलिग्रॅमच्या सुमारे साठाव्या भागाच्या वजनाएवढी भरते.

दोषांचा शोध

मोठे गोळे जवळ आणल्यानंतर दांड्याचे स्थान कित्येकदा तासाभराच्या काळात हळूहळू सरकत राही. गुरुत्वाकर्षण असे कालांतराने वाढत नाही. त्यामुळे यामागे दुसरे कारण असले पाहिजे, हे कॅव्हेंडिश यांनी ओळखले. चुंबकत्वाची शंका घेऊन त्यांनी मोठे गोळे ज्या लोखंडी दांड्यांना टांगले होते, ते काढून तांब्याचे बसवले. तारेत पीळ कायमचा राहतो का, याचीही त्यांनी चाचणी घेतली. या दोन्ही शंका निराधार ठरल्यावर त्यांचे लक्ष तापमानाकडे गेले. शिशाचे मोठे गोळे सावकाश थंड होतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा किंचित उबदार राहिल्यास पेटीतील हवेत प्रवाह निर्माण होतात, असा त्यांचा तर्क होता. त्याची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी गोळे मुद्दाम तापवले. तेव्हा दांड्याचे सरकणे स्पष्टपणे वाढले. दोषाचे कारण सापडले.

याखेरीज मोठ्या गोळ्याचे दांड्यावरील आकर्षण, एका बाजूच्या मोठ्या गोळ्याची दुसऱ्या बाजूच्या लहान गोळ्यावरील उलट ओढ आणि महोगनीच्या पेटीचे आकर्षण अशा लहानसहान परिणामांचाही त्यांनी हिशेब केला. निबंधाचा मोठा भाग या चुकांच्या शोधाने व्यापलेला आहे. हा शोध घेतला नसता, तर हवेचा प्रवाह गुरुत्वाकर्षण म्हणून मोजला गेला असता.

निष्कर्ष

ऑगस्ट १७९७ ते मे १७९८ या काळात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सुरू केलेल्या या प्रयोगमालेतून कॅव्हेंडिश यांना घनतेची २९ मूल्ये मिळाली. लहान गोळ्यावर पृथ्वी व मोठा गोळा यांची ओढ किती, दोघांच्या केंद्रांपासूनची अंतरे किती आणि मोठ्या गोळ्याचे वस्तुमान किती, हे सर्व ठाऊक असल्याने केवळ गुणोत्तरावरून पृथ्वीचे वस्तुमान काढता येते. कॅव्हेंडिश यांनी आपला निष्कर्ष घनतेच्या रूपात दिला : पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट. हा निबंध २१ जून १७९८ रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आला व त्याच वर्षी सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

इतक्या काटेकोर कामात सरासरी काढताना मात्र एक साधी आकडेमोडीची चूक राहून गेली होती. पुढे फ्रान्सिस बेली यांनी ती दाखवून दिली. त्यांच्याच निरीक्षणांची योग्य सरासरी सुमारे ५.४५ येते. आजचे स्वीकृत मूल्य ५.५१ आहे. म्हणजे कॅव्हेंडिश यांचे प्रसिद्ध झालेले मूल्य त्यापासून एक टक्क्याहूनही कमी अंतरावर होते.

या आकड्याचे महत्त्व भूशास्त्रासाठीही मोठे होते. भूपृष्ठावरील सामान्य खडकांची घनता पाण्याच्या अडीच ते तीन पट असते. संपूर्ण पृथ्वीची सरासरी त्याच्या जवळपास दुप्पट असेल, तर तिचा अंतर्भाग खूप अधिक घन असला पाहिजे आणि ती पोकळ असणे शक्य नाही. पृथ्वीच्या गाभ्यात लोहासारखे जड द्रव्य आहे, या पुढे सिद्ध झालेल्या मताला या निष्कर्षाने आधार दिला.

गुरुत्वीय स्थिरांकाविषयी गैरसमज

कॅव्हेंडिश यांनी गुरुत्वीय स्थिरांक (‘जी’) मोजला, असे अनेक पाठ्यपुस्तकांत म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता हे विधान बरोबर नाही. न्यूटन यांचा नियम त्या काळी गुणोत्तरांच्या रूपात मांडला जात असे आणि त्यात असा स्थिरांक लिहिण्याची प्रथा नव्हती. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. कॅव्हेंडिश यांच्या निबंधात या स्थिरांकाचा उल्लेख नाही. पृथ्वीची घनता काढणे हेच त्यांचे उद्दिष्ट होते.

तरीही त्यांच्या निष्कर्षात हा स्थिरांक अंतर्भूत आहे. पृथ्वीची घनता, तिची त्रिज्या आणि भूपृष्ठावरील गुरुत्वीय त्वरण ही तीन मूल्ये माहीत असली की स्थिरांक काढता येतो. आंतरराष्ट्रीय एककांत कॅव्हेंडिश यांच्या ५.४४८ या दुरुस्त मूल्यावरून तो सुमारे ६.७४ भागिले १० चा ११ वा घात इतका येतो. आधुनिक मूल्य ६.६७४ भागिले १० चा ११ वा घात आहे. एक किलोग्रॅमच्या दोन वस्तू एक मीटर अंतरावर ठेवल्यास त्या एकमेकींना इतक्या न्यूटन बलाने ओढतात, असा त्याचा अर्थ आहे.

अप्रकाशित संशोधन

कॅव्हेंडिश यांनी आयुष्यभर भरपूर संशोधन केले, पण प्रसिद्ध केले त्याचा अल्पसा भाग. एखादा निष्कर्ष पूर्णपणे समाधानकारक वाटेपर्यंत ते तो स्वतःजवळच ठेवीत. त्यामुळे त्यांच्या कितीतरी शोधांचे श्रेय नंतरच्या शास्त्रज्ञांना मिळाले.

दोन विद्युतभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे त्यांनी १७७० च्या दशकात एकात एक बसवलेल्या धातूच्या गोलांच्या प्रयोगाने दाखवले होते. कूलाँ यांचे याविषयीचे काम १७८५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नियमाला त्यांचे नाव मिळाले. विद्युतप्रवाह मोजण्याचे साधन नसल्याने कॅव्हेंडिश स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांची तीव्रता ताडून पाहत आणि अशा रीतीने ते नंतर ओम यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या नियमापर्यंत पोहोचले होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्यांची विद्युतविषयक हस्तलिखिते अनेक वर्षे अभ्यासून १८७९ मध्ये संपादित स्वरूपात प्रसिद्ध केली.

गुरुत्वाकर्षणासंबंधीची एक टिपणीही त्यांच्या कागदपत्रांत सापडली. एखाद्या जड वस्तूजवळून जाणारा प्रकाशकिरण तिच्या आकर्षणामुळे किती वाकेल, याचे न्यूटन यांच्या नियमावर आधारित उत्तर तीत आहे. ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तोपर्यंत आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने याच्या दुप्पट विचलन सांगितले होते व १९१९ च्या सूर्यग्रहणातील निरीक्षणांनी त्याला पुष्टी दिली होती.

स्वभाव व राहणी

कॅव्हेंडिश अत्यंत संकोची व अबोल होते. ते अविवाहित राहिले. अनोळखी व्यक्तींशी बोलणे त्यांना असह्य होई. स्त्रियांसमोर येणे ते विशेषतः टाळीत आणि घरातील स्त्री-नोकरांना चिठ्ठ्या लिहून सूचना देत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जुन्या पद्धतीचा, रंग उडालेला पोशाख ते वर्षानुवर्षे वापरीत. त्यांनी कोणाला आपले चित्र काढू दिले नाही. विल्यम अलेक्झांडर या चित्रकाराने त्यांच्या नकळत काढलेले रेखाचित्र हेच त्यांचे एकमेव समकालीन चित्र आहे.

हा संकोच ज्ञानाच्या देवाणघेवाणीच्या आड आला नाही. रॉयल सोसायटीच्या सभांना व तिच्या सदस्यांच्या साप्ताहिक भोजनाला ते नियमित जात आणि संस्थेच्या समित्यांवर काम करीत. ते ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त होते. लंडनमधील त्यांचे समृद्ध ग्रंथालय अभ्यासकांना खुले होते. तेथून पुस्तक नेताना ते स्वतःही नोंदवहीत नोंद करीत. १८०३ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेने त्यांची परदेशी सदस्य म्हणून निवड केली.

वारसाहक्काने त्यांना प्रचंड संपत्ती मिळाली आणि ते देशातील सर्वांत धनाढ्य व्यक्तींपैकी एक बनले. त्यांचा खर्च मात्र मुख्यतः पुस्तके व उपकरणे यांवरच होत असे.

मृत्यू व वारसा

क्लॅपहॅम येथील घरी २४ फेब्रुवारी १८१० रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी कॅव्हेंडिश यांचे निधन झाले. डर्बी येथील ऑल सेंट्स चर्चमध्ये (सध्याचे डर्बी कॅथीड्रल) त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या मागे दहा लाख पौंडांहून अधिक संपत्ती होती. जॉर्ज विल्सन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्याच घराण्यातील डेव्हनशायरच्या सातव्या ड्यूकने दिलेल्या देणगीतून केंब्रिज विद्यापीठात कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली व १८७४ मध्ये सुरू झाली. मॅक्सवेल हे तेथील पहिले कॅव्हेंडिश प्राध्यापक होते. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा, १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा आणि १९५३ मध्ये डीएनएच्या रचनेचा शोध याच प्रयोगशाळेशी निगडित आहे.

पृथ्वीच्या घनतेचा प्रयोग नंतर अनेकांनी केला. जर्मनीत फर्डिनांड राइश यांनी व इंग्लंडमध्ये बेली यांनी तो मोठ्या परिश्रमाने पुन्हा केला; बेली यांचे ५.६७ हे मूल्य मात्र कॅव्हेंडिश यांच्या मूल्यापेक्षा आजच्या मूल्यापासून अधिक दूर होते. चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी १८९० च्या दशकात क्वार्ट्‌झचे अतिसूक्ष्म तंतू वापरून लहान आकाराच्या उपकरणाने सुमारे ५.५३ हे मूल्य मिळवले. गुरुत्वीय स्थिरांक आजही मूलभूत भौतिक स्थिरांकांपैकी सर्वांत कमी अचूकतेने ज्ञात असलेल्यांपैकी एक आहे. त्याच्या स्वीकृत मूल्यातील अनिश्चितता दहा लाखांत सुमारे २२ भाग इतकी आहे. निरनिराळ्या प्रयोगशाळांतील मोजमापे परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत. गुरुत्वाकर्षणाला कोणत्याही पदार्थाने अडवता येत नसल्याने भोवतालच्या वस्तूंचा परिणाम वगळणे कठीण असते. त्यामुळे प्रयोगकर्त्यांना आजही कॅव्हेंडिश यांच्याप्रमाणेच तापमान, तारेचे गुणधर्म आणि उपकरणाच्या प्रत्येक भागाचे आकर्षण यांचा हिशेब करावा लागतो, आणि अनेक प्रयोगांत पीळ तराजूच वापरला जातो.